मी शुद्धीत होते

त्यांनी माझ्या नाकाला बूट लावला.

मी जिनिंगच्या कारखान्यात, कापसाच्या ढिगाजवळ कोसळले होते. छातीत असं धडधडत होतं की मशीनचा आवाज त्याच्याखाली बुडून गेला होता. बोटं आखडली होती. ओठांभोवती मुंग्या आल्या होत्या. श्वास आत जात होता, पण पुरत नव्हता. आपण मरायलोय हे मला पक्कं कळलं होतं. पोरगी शाळेतून घरी येईल आणि दाराला कुलूप असेल, एवढंच डोक्यात होतं.

मुकादम ओरडला, "मिरगी आली हिला! चप्पल हुंगवा!"

बायकांच्या पायांत प्लॅस्टिकच्या चपला. कुणीतरी म्हणालं, चामड्याची पायजे. छोटे मालक ऑफिसच्या दारात उभे होते. त्यांनी पायातला बूट काढला. हातात नाही दिला. पायानंच पुढं सरकवला. मुकादमानं उचलला आणि माझ्या तोंडावर दाबला.

"हुंगव, हुंगव," छोटे मालक म्हणाले. "हिच्या बापाचा धंदाच हाय की. वास वळखीचा असंल."

सगळे हसले असं मी म्हणणार नाही. बऱ्याच बायकांनी तोंडाला बांधलेला रुमाल वर ओढून घेतला. पण गडीमाणसं हसली. मोठ्यानं हसली. आणि छोट्या मालकांनी मोबाइल काढून आडवा धरला.

राबिया आपा तेवढी मधे घुसली. ती माझ्याबरोबर कवडी निवडायची. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. तिनं मुकादमाचा हात ढकलला. "हटो! दम लेने दो उसको! जनावर हाय का ती?"

बूट बाजूला झाला. वास तसाच राहिला. मोज्याचा घाम, पॉलिश, ओलं चामडं.

मी बेशुद्ध असते तर बरं झालं असतं. पण मी शुद्धीत होते. कोण काय बोललं, कोण हसलं, बूट कुठल्या पायातला होता, सगळं मला कळत होतं. फक्त तोंडातून शब्द निघत नव्हता.

माझा बाप सोनपेठच्या बाजारात जोडे शिवतो. आरी, रापी आणि एक गोणपाट, एवढा त्याचा पसारा. आठवडी बाजाराच्या दिवशी मी लहानपणी त्याच्याजवळ बसायचे. लोक जोडा काढून त्याच्यापुढं टाकायचे. टाकायचेच. हातात कुणी द्यायचं नाही. बाप खाली वाकून उचलायचा, फडक्यानं पुसायचा, मग शिवायचा. मला त्यात काही वाटायचं नाही. जगाची रीतच ती, असं वाटायचं.

लग्न होऊन मी ह्या गावाला आले. नवरा जिनिंगच्या मालकांचा ट्रॅक्टर चालवायचा. पत्र्याचं दोन खणांचं घर, एक पोरगी. सासू होती, ती दिराकडं आणि आमच्याकडं आळीपाळीनं राहायची. कापसाचा हंगाम सुरू झाला की मीही जिनिंगला जायचे. कापूस उतरवायचा, पसरायचा, कवडी निवडायची. संध्याकाळी नाकातून रुईचे तंतू निघायचे, भुवया पांढऱ्या व्हायच्या. घरी आल्यावर पोरगी म्हणायची, आई म्हातारी झाली.

बुटाच्या आधी, ज्या दिवशी माझ्या डोक्याला लागलं, त्या दिवसातली सकाळच फक्त मला आठवते. डब्याला मेथी केली होती. पोरीच्या वेणीला लाल रिबीन बांधली होती. त्यापुढं काही नाही. पाटी पुसल्यासारखं कोरं.

पुढचं राबिया आपानं सांगितलं. कापसानं भरलेली ट्रॉली आली होती. फाळक्याची, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी झडपेची, खिट्टी मोडकी होती आणि तिथं तारेनं बांधून ठेवलं होतं. ते मुकादमाला माहीत होतं. बायकांनी दोनदा सांगितलंही होतं. मी खाली उभी राहून कापूस ओढत होते. तार तुटली. फाळका सुटून माझ्या डोक्यात बसला. मी आवाजही केला नाही म्हणे. नुसती खाली बसले, मग आडवी झाले. पांढऱ्या कापसावर रक्त दिसलं तेव्हा बायका ओरडल्या.

मालकांच्याच गाडीतून मला परभणीला नेलं. खाजगी दवाखाना. डोक्याला टाके घातले. डोक्याचा फोटो काढला, तर आत थोडं रक्त साकळलेलं निघालं. काही दिवस तिथं ठेवलं. खर्च मालकांनी केला. आणि दवाखान्यात नवऱ्यानं सांगितलं, "घरी माळवदावरून पडली."

असं सांगायला त्याला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ट्रॅक्टरची चावी ज्यांच्या हातात होती, त्यांनीच सांगितलं असणार.

घरी आल्यावर लोक म्हणाले, नशीब थोर, वाचली. वरून बघितलं तर मी वाचलेच होते. टाके निघाले, केस आले. पण उजेड डोळ्यांत टोचायचा. पत्र्यावर चिमणी उतरली तरी दचकायचे. वरणात मीठ टाकायचं विसरायचे, कधी दोनदा टाकायचे. बोलता बोलता शब्द हरवायचा. झारा समोर दिसायचा, नाव आठवायचं नाही.

एकदा नळाला पाणी भरत होते. काहीच झालं नव्हतं. भांडण नाही, घाई नाही. घागर भरत आली होती आणि अचानक आतून कुणीतरी काळीज मुठीत धरल्यासारखं झालं. दरदरून घाम. हातपाय गार. घागर तशीच सोडून मी खाली बसले. बायका गोळा झाल्या. थोड्या वेळानं सगळं ओसरलं. मला वाटलं, हार्ट अटॅक आला होता.

गावातल्या डॉक्टरनं मशीनवर छातीची पट्टी, ईसीजी म्हणतात ती, काढली. ती टेबलावर टाकून म्हणाला, "काही झालेलं नाही. कामाचा कंटाळा आलाय का?" नवरा हसला. मला काय करावं सुधरेना, म्हणून मीही हसले.

त्यानं एक गोळी दिली. ती घेतली की मी दुपारभर पडून राहायचे. उठले की तोंडातून लाळ आलेली असायची. पण झटके थांबले नाहीत. नळावर यायचे, चुलीपुढं यायचे, कधी नुसत्या बसल्या जागी यायचे. आणि दोन झटक्यांच्या मधल्या वेळात दुसरंच सुरू झालं. आता येईल, मग येईल. नळावर आला म्हणून नळ सोडला. किराणा दुकानात आला म्हणून दुकान सोडलं. काळी-पिवळी जीपमध्ये आला म्हणून बापाला भेटायला सोनपेठला जाणं बंद केलं. एक एक जागा सुटत गेली. शेवटी घराचा उंबरा राहिला.

सासू म्हणाली, "ही भानामती हाय. कुणीतरी केलंय." माझ्यावरून लिंबू उतरवलं. बिब्बा बांधला. सासूचा राग नाही मला. तिनं निदान काहीतरी झालंय एवढं तरी मानलं होतं. डॉक्टरनं तेही मानलं नव्हतं.

मग हंगामाची घाई सुरू झाली आणि मालकांचा निरोप आला, बसून किती दिवस खाणार, कामावर पाठवा. नवऱ्यानं मला पाठवलं. मी गेले. दुपारी एक ट्रॉली आत आली आणि फाळका उघडल्याचा आवाज झाला.

पुढचं तुम्हाला सांगितलं आहे. बुटाचं.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावभर झाला. माझं तोंड वाकडं झालेलं, नाकावर बूट, मागून हसणं आणि छोट्या मालकांचा आवाज. कुणीतरी त्याच्यावर गाणं टाकलं होतं. नवऱ्यानं तो चहाच्या हॉटेलात बघितला. घरी येऊन मला म्हणाला, "जरा आवरून धरायचं ना सोताला."

पोरगी सहावीत होती. शाळेत पोरं तिच्यापुढं छाती धरून खाली पडायची, डोळे फिरवायची. ती आठवडाभर काही बोलली नाही. मग पालकांना शाळेत बोलावलं होतं, त्या सकाळी दप्तर भरता भरता म्हणाली, "आई, तू नको येऊ."

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं.

चार-पाच दिवसांनी बाप आला. बाजाराचा दिवस सोडून आला होता. असं तो कधी करत नाही. दारात जोडा काढला, आत येऊन भिंतीला टेकून बसला. मी पाणी दिलं. तांब्या तसाच हातात धरून बसला. त्याच्यापुढं जोडा टाकणाऱ्या एका गिऱ्हाईकानं त्याला मोबाइल दाखवला होता. विचारलं होतं, तुमचीच पोरगी का ही?

 बाप म्हणाला, "म्या जनमभर लोकायचे जोडे हातात धरले. तोंडाला न्हाई लावू दिला कुणाला."

पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला. उठला. मला वाटलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवील. त्यानं नाही फिरवला. दारात जोडा घातला. तो गेला.

त्या दिवशी मी रडले नाही. खाली बसून तांब्याकडं बघत राहिले. आत काहीतरी घट्ट झालं. इतके दिवस मी एकच विचार करत होते, मला काय झालंय? त्या दिवशी पहिल्यांदा दुसरा विचार आला. मला हे केलं कुणी?

राबिया आपा दुसऱ्या दिवशी आली. "परभणी चल. सरकारी दवाखान्यात डोक्याची डॉक्टरनी बसती. मेरी बहू को दिखाया था उनको, डिलिव्हरीनंतर."

"मला गाडीत बसवत न्हाई, आपा."

"मैं बैठतीना तेरे बाजू में."

नवरा कुरकुरत बरोबर आला. काळी-पिवळीत आम्ही मधल्या सीटवर. गाडी भरली, दार लागलं आणि ते सुरू झालं. पोखर्णी फाटा येईपर्यंत मी कशीबशी धरून ठेवलं. मग ओरडले, उतरवा मला. ड्रायव्हर शिव्या देत थांबला. मी रस्त्याच्या कडेला ओकले. नवरा म्हणाला, "बघितलं? म्हणलं व्हतं म्या. परत जाऊ."

राबिया आपा माझ्याशेजारी मातीतच फतकल मारून बसली होती. माझी पाठ चोळत म्हणाली, "परत बी गाडीतच जायचंय ना? मग पुढंच जाऊ."

झटका ओसरला. पुढची गाडी आली. आम्ही पुढंच गेलो.

दवाखान्यात मोठी रांग होती. मानसिक आजारांच्या खोलीबाहेर नवरा तोंड फिरवून उभा राहिला, ओळखीचं कुणी बघेल म्हणून. आत गेलो तेव्हा मॅडम दमलेल्या होत्या. मान वर न करताच विचारलं, "काय होतंय?" मी सांगायला लागले आणि शब्द अडकले. नवरा म्हणाला, "मिरगी हाय तिला."

मॅडमनी मान वर केली. "त्यांना बोलू द्या."

मी थांबत थांबत सांगितलं. छाती, घाम, मुंग्या. नळ, दुकान, गाडी. मग बूट. बुटाचं सांगताना मी खाली बघत होते.

मॅडमनी विचारलं, "बूट लावला तेव्हा वास कळला होता?"

"हाव."

"कोण काय बोललं, आठवतं?"

"शब्द न् शब्द."

"म्हणजे तुम्ही शुद्धीत होतात. झटक्यात कधी जीभ चावली? कपडे ओले झाले?"

"न्हाई."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "डोक्याला कधी मार लागला होता का?"

माझ्या आधी नवरा बोलला. "घरी पडली व्हती. माळवदावरून."

खोलीत पंखा फिरत होता. मला त्या दिवसातलं काही आठवत नव्हतं. एका बाजूला नवऱ्याचा शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला राबिया आपाचा. नवऱ्याचा शब्द धरला तर ट्रॅक्टर राहत होता, घर राहत होतं. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं डोळ्यांनीच मला गप केलं. पुष्कळ वर्षं मी त्या डोळ्यांनी गप झाले होते.

मी म्हणाले, "मॅडम, आमच्या घराला माळवदच न्हाई. पत्रा हाय."

नवरा उठून बाहेर गेला.

मग मी सगळं सांगितलं. ट्रॉली, तार, फाळका, जिनिंग. मालकांचं नाव घेतलं. ते नाव मी पहिल्यांदाच 'साहेब' किंवा 'मालक' न लावता घेतलं. जीभ सुकली होती, पण घेतलं.

मॅडमनी मेंदूचीही तशीच पट्टी काढायला लावली. पुन्हा फोटो काढला. आत साकळलेलं रक्त गेलं होतं. मिरगीचं काही निघालं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी समजावून सांगितलं. "हे भीतीचे झटके आहेत. याला पॅनिक म्हणतात. डोक्याला जबर मार लागल्यावर काही जणांना हा आजार जडतो. मेंदू धोका नसतानाही धोका आहे असं समजतो आणि सगळं अंग पळायच्या तयारीला लागतं. हे नाटक नाही. वेडही नाही."

मी विचारलं, "मी मरणार न्हाई?"

"झटक्यानं नाही. पण झटक्याच्या भीतीनं तुम्ही घरात कोंडून घेतलंय ना, तेही मरणासारखंच आहे. ते सोडवायचंय."

त्यांनी नवी गोळी दिली. अगदी थोडी, पाव भागापासून. डोक्याला मार लागलेल्या माणसाला औषध हळूहळू वाढवावं लागतं म्हणाल्या. गावातल्या डॉक्टरची झोपेची गोळी एकदम सोडायची नाही, कमी कमी करत सोडायची. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मळमळ, झोप उडालेली, धडधड उलट जास्त. मी गोळ्या फेकून देणार होते. राबिया आपा रोज संध्याकाळी येऊन माझ्यापुढं उभी राहायची. "गिळ. तोंड उघड, बघू दे."

आणि दवाखान्यात एक समुपदेशक ताई होत्या. त्यांचं काम औषधाहून अवघड. त्या मलाच झटका आणायला लावायच्या. जागेवर धावा. शरबताच्या बारीक नळीतून श्वास घ्या. जिना चढा. धडधड सुरू झाली की म्हणायच्या, "थांबवू नका. बघत राहा. ती वर जाते, मग आपोआप खाली येते." पहिल्यांदा मी त्यांचा हात झटकून पळाले. व्हरांड्यातल्या लोकांनी बघितलं. दुसऱ्यांदा परत गेले.

माझ्या ध्यानात राहत नव्हतं. ताई सांगायच्या ते फाट्यापर्यंत येईस्तोवर निम्मं गळून जायचं. त्यांनी मला मोबाइलमध्ये माझ्याच आवाजात बोलून ठेवायला लावलं. "ही धडधड हाय. हे मरण न्हाई. उतरंल. बस." गाडीत कानाला लावून मी तेच ऐकायचे. आधी पुढच्या थांब्यापर्यंत. मग पोखर्णीपर्यंत. मग एकटी परभणीपर्यंत. सरळ वर चढत गेले असं काही नाही. एकदा बरी होत आले आणि गावात वरातीचा डीजे वाजला, तर पुन्हा आठ दिवस अंथरूण धरलं. पण नळावर जायला लागले. दुकानात जायला लागले. पोरीच्या शाळेच्या फाटकापर्यंत गेले. ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली, मला बघितलं, थांबली. मग मैत्रिणींना पुढं जाऊ दिलं आणि दहा पावलं मागं राहून माझ्याबरोबर घरी आली. अजून बरोबरीनं चालत नव्हती ती.

पुढच्या हंगामाच्या मुहूर्ताला मालकांनी नवऱ्यामार्फत बोलावलं. जिनिंगच्या वजनकाट्याची पूजा होती. नारळ, पेढे, गावातली मोठी माणसं खुर्च्यांवर. बायका खाली एका बाजूला. नवरा म्हणाला, "मशीनवर नको म्हणलेत. बंगल्यावर भांड्याला ठेवतो म्हणलेत. हात जोड आन व्हय म्हण."

मी गेले. गेटातून आत शिरले तशी धडधड सुरू झाली. तोच वास, सरकीचा. तीच जागा.

छोटे मालक खुर्चीत होते. मला बघून बाजूच्याला म्हणाले, "आली बघा आपली हिरॉईन." दोन-तीन जणांनी लगेच मोबाइलला हात घातला.

ह्या वेळी माझे पाय पळायला बघत होते आणि मी त्यांना धरून ठेवलं होतं. मी म्हणाले, "मालक, तो व्हिडिओ काढून टाका. आन मी कुठं पडले ते ह्या समद्यांसमोर सांगा."

 नवरा माझा दंड ओढायला लागला.

"न्हाई तर काय करशील?" छोटे मालक म्हणाले.

"न्हाई तर मी सांगीन."

ते हसले. "तू? तुला बोलता तरी येईल का? बघ की, उभी थरथरायलीस."

"थरथरत सांगीन."

त्यापुढं काही बोलले नाही. बोलले असते तर शब्द सापडले नसते. नवऱ्याचा हात सोडवला आणि गेटातून बाहेर पडले. बाहेर रस्त्याच्या कडेला बसले. अंगभर घाम, बोटं वाकडी झालेली. झटका पूर्ण आला, पूर्ण गेला. कुणी आत नेलं नाही, कुणी पाणी दिलं नाही. तो गेल्यावर मी उठून घरी आले.

आठवड्याच्या आत नवऱ्याकडून ट्रॅक्टरची चावी काढून घेतली. त्यानं भिंतीवर ताट आपटलं. माझ्यावर हात उगारला आणि पोरगी मधे उभी राहिली म्हणून खाली केला. आता तो देवगाव फाट्याला एका धाब्यावर कामाला आहे. कधीमधी येतो, पोरीला काहीतरी आणतो. माझ्याशी बोलत नाही. मीही बोलवत नाही.

पोलीस ठाण्यात बुटाची आणि व्हिडिओची तक्रार दिली. बाप बरोबर आला होता. जबाब देताना मधेच मला झटका आला. बाकावर बसले, पुन्हा उठले, राहिलेला जबाब दिला. डोक्याच्या दुखापतीचा दावा वेगळा लावला, परभणीला. वकील मिळायला वेळ लागला. साक्षीला बायका मिळेनात. ज्यांच्यासमोर फाळका पडला त्याच बायका मला रस्त्यात बघून पदर पुढं ओढायच्या. त्यांनाही घर आहे. मला कळतं ते. पण कळलं म्हणून गिळता येत नाही.

राबिया आपा तेवढी उभी राहिली. तार, मोडकी खिट्टी, दोनदा सांगितलेलं, सगळं बोलली. तिलाही जिनिंगनं घरी बसवलं. आजूबाजूच्या कुठल्याच जिनिंगमध्ये आता आम्हा दोघींना काम नाही. आम्ही दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जातो, मिळेल तेव्हा.

मग माझ्या साक्षीचा दिवस आला.

मालकांकडचा वकील चांगला बोलणारा होता. आवाज गोड. त्यानं माझं नाव, गाव विचारलं. बापाचा धंदा विचारला, गरज नसताना. मग एकदम म्हणाला, "बाई, तुम्ही मानसिक रोगाची औषधं घेता, खरं की नाही?"

छोटे मालक मागं बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं. हा प्रश्न म्हणजे त्यांचा हुकमाचा पत्ता होता. मी आता मान खाली घालीन, लाजेनं नाही म्हणीन, आणि खोटी ठरेन.

"हाव," मी म्हणाले. "घेते. आज सकाळी बी घेतली."

वकील म्हणाला, "म्हणजे तुमच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे."

"झालाय. फाळक्यानं झालाय. त्याचाच दावा हाय हा."

मागं कुणीतरी खोकलं. आणि तेव्हाच ते सुरू झालं. पोटातून वर. काळीज, गळा, ओठ. कठडा मी दोन्ही हातांनी धरला. वकिलानं बरोबर ओळखलं. लगेच वळून म्हणाला, "साहेब, बघा, यांची अवस्था साक्ष देण्यासारखी नाही. पुढची तारीख द्यावी."

मला आवाज फुटत नव्हता. हात वर केला.

"तारीख नको," मी म्हणाले. एक एक शब्द ओढून काढावा लागला. "मला बसू द्या. हे उतरंल. मग इचारा."

न्यायाधीश साहेबांनी खुर्ची द्यायला सांगितली. मी बसले. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांना बघू दिलं. लपले नाही. पदर ओढला नाही. धडधड वर गेली, अजून वर गेली, आता फुटते असं वाटलं, तिथं थांबली, आणि पायरी पायरीनं खाली आली.  छोटे मालक घड्याळाकडं बघत होते.

मी पदरानं तोंड पुसलं आणि उठून उभी राहिले.

"हं," मी वकिलाला म्हणाले. "इचारा आता."

त्यानं विचारलं. मी उत्तरं दिली. काही आठवलं नाही तिथं आठवत नाही म्हणाले. जे माहीत होतं ते सोडलं नाही.

निकाल लागलेला नाही. ठाण्यातली तक्रारही पुढं सरकते, थांबते. मालक मधल्या माणसांमार्फत सांगून बघतात, मिटवून घे, पोरीचं लग्न करायचंय तुला. मॅडम म्हणतात, औषध अजून बरेच दिवस घ्यावं लागेल, पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही. नको जाऊ दे. मी बरी होऊन मग लढेन असं ठरवलं असतं तर त्यांना तेच हवं होतं. मी बरं व्हायची वाट बघत बसले असते आणि ते बिनघोर म्हातारे झाले असते.

तारीख पडली की मी जाणार. गाडीत झटका आला तर गाडीत बसून राहणार. कोर्टात आला तर कोर्टात. त्यांच्यासमोर येईल, त्यांच्यासमोर उतरेल. आणि उतरला की मी पुन्हा तेच सांगणार, त्याच नावानिशी, त्याच जागेचं. मला गप करायचं असेल तर आता त्यांना फाळक्यापेक्षा मोठं काहीतरी लागेल.

ते आणतीलही. आणू देत. मी इथंच उभी आहे.